तांब्याकडची बाजू

पुन्हा तिथूनच गळत होतं. गरम पाण्याच्या स्टीलच्या टाकीला तांब्याची नळी जिथे झाळून जोडली होती, नेमकं तिथेच. मिस्त्रींची ही चौथी खेप!

तांबं आणि स्टील झाळायचं म्हणजे दोन तऱ्हेच्या माणसांचा संसार लावून देणं. तांबं उष्णता गटागटा पितं, स्टील तेवढ्यात काळं पडून रुसून बसतं. ज्योत तांब्यावर धरायची, स्टीलला नुसती झळ लागू द्यायची. मिस्त्रींच्या हातात ते होतं. बायको गेली, मुलगी लांब नांदायला गेली, उरले होते हे दोन हात. आता तेही दगा देत होते. आज एवढं उरकायचं आणि दुकानाला कायमचं कुलूप लावायचं, असं त्यांनी सकाळी ताईंचा तक्रारीचा फोन ठेवतानाच ठरवलं होतं. मग दिवसभर करायचं काय, ते काही ठरत नव्हतं.

"ताई, माफ करा. माझा हात गेलाय आता."

"काहीतरीच तुमचं! आधी बसा बघू. चहा टाकलाय."

टेबलावर दोन कप आधीच मांडलेले होते. ताई त्या घरात एकट्याच राहायच्या. आज त्यांच्या बोटाला पट्टी होती.

"भाजी चिरताना लागलं," त्या घाईने म्हणाल्या आणि नेहमीसारख्या बोलत सुटल्या. मुलाचा न आलेला फोन, जिन्यातला गेलेला दिवा, शेजारणीचं आगाऊ मांजर. मिस्त्रींना खरं तर ते ऐकायला आवडायचं. त्यांच्या घरात भांडं पडलं तरच आवाज व्हायचा.

आजवर शरमेपोटी त्यांनी जुनी झाळ नीट पाहिलीच नव्हती. खाली मान घालून काढायची आणि नवी लावायची. आज शेवटचंच, म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि बॅटरी मारली. झाळ अखंड होती. केसाएवढीही फट नाही! पाणी येत होतं तिला लागून असलेल्या स्टीलमधून. तिथे बारीक ओरखडे होते, एकाला एक चिकटून. कानशीचे. मिस्त्रींनी मान वळवली. ओट्यावरच्या डब्यांमागून कानशीची मूठ डोकावत होती.

म्हणजे हात शाबूत होता! त्यांना हसू आलं. पाठोपाठ असा राग आला की बस्स. या बाईने त्यांची झोप उडवली होती. ते बोलणार, तोच ताईंनी विचारलं, "वेळ लागेल ना बराच?"

मिस्त्रींनी त्या पट्टीकडे पाहिलं. मग टाकी रिकामी केली, ज्योत पेटवली आणि झकास झाळ लावली. वर दोन कप चहा प्यायले. मांजराची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकली. निघताना दारात चपला घालता घालता, मागे न बघता म्हणाले,

"ताई, स्टीलवरून कानस सटकते. पुढच्या वेळी तांब्याकडून घासा."