घुबडाची फणी

हळदीकुंकवाला नलिनीने सगळ्यांना स्टीलच्या वाट्या लुटल्या. वरच्या मजल्यावरच्या शर्वरीच्या हातात मात्र तिने शिंगाची काळी फणी ठेवली. फणीच्या माथ्यावर घुबड कोरलेलं होतं. "वहिनी, मलाच एवढं खास वाण?" म्हणत शर्वरी हरखून गेली आणि तिने ती तिथेच अंबाड्यात खोवली.

हुबेहूब अशी फणी नलिनीच्या नवऱ्याच्या लाडक्या सिनेमात होती. साठ वर्षांपूर्वीचा विलायती भयपट तो. त्यातली फणी शापित. जी बाई ती अंबाड्यात खोवायची, ती तिसऱ्या दिवशी मरायची. दर रविवारी दुपारी नवरा असलेच जुने सिनेमे लावायचा आणि शर्वरी ते बघायला खाली यायची. दोघं सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची, नलिनी चहा करायची. जुन्या बाजारात ही फणी दिसली तेव्हा तिने घासाघीसही केली नाही. शर्वरीने मरावं असं काही तिच्या मनात नव्हतं. नुसता ताप येऊन रविवार चुकला असता तरी पुरे होतं.

तिसरा दिवस रविवारच होता. दुपारी बेल वाजली. शर्वरी दारात उभी, ठणठणीत. उंच अंबाडा बांधलेला आणि त्यात ती फणी.

नवरा बघतच राहिला. मग त्याने नुकताच लावलेला सिनेमा बंद केला.

"ही कुठे मिळाली तुला?"

"वहिनींनीच दिली."

तो नलिनीकडे वळला. कितीतरी वर्षांनी त्याच्या आवाजात माया होती.

"फार छान केलंस गं," तो म्हणाला.