बुडत्या जहाजाचा आवाज

'जहाज फुटतं तेव्हा अंगावर काटा येतो!' एका समीक्षकाने लिहिलं. 'तोफा ठीकच, पण ते लाकडाचं कण्हणं!' दुसऱ्याने. तिसऱ्याने सेनापतीच्या मिशांवरच अख्खा परिच्छेद खर्ची घातला.

या सिनेमातले वादळाचे, जहाजाचे आवाज त्याने तयार केले होते, पण यातलं काहीच त्याने आईला वाचून दाखवलं नव्हतं. कारण ते लाकूड म्हणजे बाबांची डुलती खुर्ची होती. बाबा गेल्यावर 'स्टुडिओत बसायला' म्हणून त्याने ती मागून नेली, आणि जहाज फोडायच्या प्रसंगासाठी तिची करकर ध्वनिमुद्रित करत तिच्यावर वाळूची पोती रचत गेला. खुर्ची कायमची मोडली. आईला सांगायला मात्र जीभ रेटत नव्हती.

शेवटी आईच हट्टाला पेटली, 'मला तुझा सिनेमा बघायचाय.'

पडद्यावर वादळ सुटलं. सगळं थिएटर श्वास रोखून बघत होतं, आणि आई डोळे मिटून बसली होती.

"झोपलीस की काय?"

"गप्प बस रे. ऐकू दे."

जहाज फुटलं, तसा तिने त्याचा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर म्हणाली, "मोडली ना खुर्ची?"

"चुकलंच माझं, आई."

"चुकलं काय, वेड्या? वर्षभराने आज ते पुन्हा माझ्या शेजारी डुलत होते." आई डोळे पुसता पुसता हसली. "त्या खुर्चीला तेल घाला म्हणून तीस वर्षं कानीकपाळी ओरडले मी. माझं ऐकलं नाही त्यांनी, फार बरं केलं."