वीतभर सूत

शरयूला लंडनचं स्थळ पसंत होतं, पण तिच्या आई भागीरथाबाई हटून बसल्या होत्या. "बैलगाडीनं एका दिवसात माहेरी येता यावं, तेवढ्याच दूर पोरगी द्याची, गुरुजी. आमच्या घरची रीत हाय." शरयू माझी जुनी विद्यार्थिनी. मी शाळेतला पृथ्वीगोल आणला आणि शाळेत असताना तिनंच टकळीवर कातलेलं सूत मुंबईपासून लंडनपर्यंत ताणलं. वीतभर भरलं. "विमानानं ही वाट एका दिवसाची," मी म्हणालो. "आन् मुंबई काय आपल्या सिंदीच्या बाजूले हाय?" असं भागीरथाबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचं बोट सुतावरून वाळवंटं, समुद्र, बर्फाचे डोंगर ओलांडत निघालं. शरयूकडे बघत त्यांनी विचारलं, "येतानीबी तेवढाच वेळ लागते?" "कमी," मी सांगितलं. "येताना वारा पाठीशी असतो." भागीरथाबाईंनी सूत उचललं, एका टोकाचं बोटभर तोडून टाकलं आणि उरलेलं पदराच्या गाठीत बांधलं. "मंग फोडा सुपारी."