मदतकक्षातला जुना वाचक

तिसऱ्यांदा ते वाक्य जागेवर परत आलं होतं. 'बॉयलर चालकाच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या स्फोटात नऊ कामगार दगावले.' सकाळी तिने ते खोडून व्हॉल्व्ह बिघडला होता असं लिहिलं, आणि दोन शर्टांची काजं करून होतात तोवर तिचं गायब, ते पुन्हा हजर.

बंद पडलेल्या गिरणीवरचा हा लेख इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात होता. तिथे कुणीही लिहू शकतं म्हणतात. कुणीही पुसू शकतं, हे मात्र आधी कुणी सांगत नाही. पुसणाऱ्याने स्वतःचं नाव 'पहारेकरी' ठेवलं होतं आणि दर वेळी दोनच शब्दांचा शेरा मारला होता: 'संदर्भ नाही.'

बॉयलर चालक म्हणजे तिचा नवरा. त्या नऊ जणांतला एक.

अकरा वर्षं ती लोकांचे कपडे शिवत गप्प बसली होती. पण गेल्या महिन्यात मुलीचा वसतिगृहातून फोन आला. वर्गात कुणीतरी ते पान मोठ्याने वाचलं होतं. "आई, खरं काय ते सांग," मुलगी म्हणाली. "बाबांमुळे माणसं मेली का?" तिने 'जेवलीस का?' विचारत विषय बदलला. त्यानंतर मुलीचा फोनच नाही.

मुलगी शिकायला गेल्यापासून घरात ती आणि भाऊजी, दोघंच. तेही त्याच गिरणीत, दुरुस्ती खात्यात होते. त्या दिवशी रजा होती म्हणून वाचले. स्फोटानंतर या धाकट्या दिराने मायलेकींना आपल्या घरी आणलं, शिलाई मशीन घेऊन दिलं, कशाला कमी पडू दिलं नाही. "वहिनी, कशाला जुनं उकरताय?" एवढंच ते म्हणाले होते. मग स्वतःच आपला जुना कॉम्प्युटर उचलून मशीनशेजारी मांडून दिला. देवमाणूस.

त्या दुपारी तिने ज्ञानकोशाच्या मदतकक्षात भीत भीत लिहिलं, 'माझं लिहिलेलं सारखं पुसलं जातंय. काय करावं?'

दहा मिनिटांत उत्तर आलं. सही होती 'जुना वाचक'.

'ताई, आधी खातं उघडा. तुम्ही नाव न देता लिहिताय, म्हणून तुमच्या नावाच्या जागी एक आकडा दिसतोय. तो तुमच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता आहे. माग काढत कुणी दारात यायला नको.'

खाली तो लांबलचक आकडा होता. गिरणीच्या मालकाची माणसं कशी होती ते तिने पाहिलं होतं. तिने आकडा मापांच्या वहीत टिपून ठेवला आणि 'शिंपीण' या नावाने खातं उघडलं.

मग रोज दुपारी ती जुन्या वाचकाला विचारत गेली. तो कधी कंटाळला नाही. पहारेकऱ्यावर रागावू नका, तो नियमाने वागतोय, म्हणाला. दुवा कसा जोडायचा, तळटीप कशी द्यायची, सगळं शिकवलं. इतक्या मायेने तिच्याशी सख्खा भाऊही बोलला नव्हता.

'तुमच्याकडे पुरावा काय आहे?' एकदा त्याने विचारलं.

तिने सांगून टाकलं. नवऱ्याची पाळीची वही होती. स्फोटाच्या चार दिवस आधीचं पान: 'सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो. दुरुस्तीला कळवलं.' खाली निरोप घेणाऱ्याची सही, पण कार्बनमध्ये फिसकटलेली.

'घरची वही इथे चालत नाही. वर्तमानपत्रात छापून आलं, तर तो संदर्भ. वही कुणाला दाखवलीत?'

'कुणालाच नाही. दिरांनाही नाही. भावाचं अक्षर पाहून त्यांना त्रास होईल.'

तिने वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला. बातमीदार बाई म्हणाली, "मूळ वही घेऊन गुरुवारी या. सही कुणाची ते आम्ही शोधू. गिरणीचे जुने हजेरीपट आहेत आमच्याकडे."

तिच्या जिवात जीव आला. कधी एकदा हे जुन्या वाचकाला सांगते असं तिला झालं.

'फार छान झालं,' त्याने लिहिलं. 'तोवर वही जपा. नीट ठेवलीय ना?'

'मशीनच्या खणात, चिंध्यांखाली.'

गुरुवारी दुपारी तिने खण उघडला. चिंध्या होत्या. वही नव्हती.

तिने घर पालथं घातलं. आवाज ऐकून भाऊजी धावत आले. "यांची एक वही होती हो," एवढंच तिला बोलता आलं. त्यांनी जास्त विचारलं नाही. गुडघ्यांवर बसून मशीनखाली पाहिलं, कपाट ओढून मागे पाहिलं, धुळीने माखले. "मी माझ्या खोलीत बघतो," म्हणत आत गेले.

ती मशीनसमोर बसली आणि रडली. मुलीला आता काय दाखवायचं? शेवटी डोळे पुसून तिने मदतकक्षात लिहिलं, 'वही गेली.'

लगेच उत्तर आलं.

'वाईट वाटलं, ताई. पण आता सोडून द्या. गेलेल्या माणसाला याने काय मिळणार? तुम्ही त्याच्यासाठी पुष्कळ केलंत.'

शब्द नेहमीसारखेच मायेचे होते. फक्त खाली 'जुना वाचक' नव्हतं. घाईत तो खात्यात शिरायचं विसरला असावा. नावाच्या जागी एक लांबलचक आकडा होता.

तिने मापांची वही उघडली. एकेका आकड्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली. एकही चुकला नाही.

"वहिनी," पलीकडच्या खोलीतून भाऊजींनी विचारलं, "सापडली का?"