कानाखालचे वळ

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही तिला," काका खेकसले. दुकानात शिरल्यापासून त्यांनी बायकोचं मनगट सोडलं नव्हतं.

ताईंनी नुसती मान डोलावली. पुढच्या भागात धाकट्या भावाचं चष्म्यांचं दुकान आणि मागच्या काचेच्या खोलीत ताईंचं कानाच्या मशीनचं, असा दोघांचा कारभार. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांची त्यांना सवय होती. बहिऱ्याशी बोलून बोलून घरातली माणसंच आधी घसा बसवून घेतात.

"मशीन आजच पाहिजे," काका म्हणाले. "लहानात लहान द्या. केसांखाली झाकलं गेलं पाहिजे, कुणाला दिसता कामा नये."

"आधी तपासावं लागेल. कधीपासून ऐकू येत नाही, काकू?"

काकूंनी तोंड उघडलं, तोच काका म्हणाले, "पडली होती."

"बरं. फोन नंबर सांगता? काही बिघडलं तर..."

"नंबर नको. उद्या आम्ही या गावात नसणार."

काउंटरमागून भावाने ताईंकडे पाहिलं. काकांच्या भुवईवर ताजी खपली होती. म्हातारा भांडकुदळ दिसतोय, असं त्याच्या नजरेत होतं.

तपासताना आत दुसरं कुणी नको, हा ताईंचा नियम. काका नाइलाजाने काठी घेऊन बाहेर स्टुलावर टेकले. एक डोळा काचेच्या खोलीकडे, एक रस्त्याकडे.

ताईंनी काकूंचे केस बाजूला केले. उजव्या कानामागे काळंनिळं झालं होतं. गालापासून मानेपर्यंत चार बोटांचे वळ. दिवा लावून आत पाहिलं, तर पडदा फाटलेला. त्याला आधी डॉक्टर हवा होता. ताईंनी वयाने मंदावलेल्या डाव्या कानात मशीन बसवलं आणि हळूच विचारलं, "काकू, ऐकू येतंय?"

काकू दचकल्या. मग मानेने हो म्हणाल्या.

"हे पडल्याने होत नाही. कुणी मारलं?"

काकूंनी काचेपलीकडे बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "जाऊ दे ना, ताई. आपलंच माणूस. बाहेर कुठे बोलायचं असतं?"

ताईंच्या मस्तकात तिडीक गेली.

तेवढ्यात काकूंच्या पिशवीत मोबाइल थरथरला. त्यांनी तो बाहेर काढला. 'मुलगा' अशी अक्षरं होती. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"ह्यांनी बंद ठेवायला सांगितलाय," त्या पुटपुटल्या. "मला करवला नाही."

ताईंनी फोन घेतला आणि पाठ फिरवून कानाला लावला.

"आई? कुठे आहेस तू?" आवाज रडवेला होता. ताईंनी आपण कोण ते सांगितलं. "ताई, परवापासून शोधतोय आम्ही. बाबा तिला घेऊन निघून गेलेत."

"तिला फार मारलंय हो."

"देवासारख्या भेटलात. बाबांना बाहेर जाऊ देऊ नका. मी गाडीवरच आहे, आलोच."

ताईंनी पत्ता सांगितला.

"त्याला काय सांगितलंत?" काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काही नाही. बऱ्या आहात म्हटलं."

ताई बाहेर आल्या आणि भावाच्या कानाशी लागल्या. भाऊ तरुणपणी आखाड्यात जायचा. डोकं गरम व्हायला त्याला वेळ लागत नसे. तो उठला आणि त्याने रस्त्याकडचं दार आतून लावलं.

"झालं? चल," काकांनी आत येऊन बायकोचं मनगट धरलं. दाराशी पोचले आणि थांबले. "दार उघड."

"काकू कुठेही येणार नाहीत," भाऊ म्हणाला.

"माझी बायको आहे ती!"

"म्हणून मारायचं?"

तेवढ्यात काकांना ताईंच्या हातातला मोबाइल दिसला.

"बंद कर म्हटलं होतं ना मी!" ते बायकोवर किंचाळले आणि त्यांनी दारावर काठी उगारली. पहिला तडाखा दाराच्या काचेवर बसला. दुसऱ्याच्या आत भावाने त्यांची मान पकडली.

काका चष्म्यांच्या मांडणीवर आदळले. फ्रेमा खळखळत खाली आल्या. भावाने एक ठोसा नाकावर मारला, दुसरा बरगडीत. काका तरी काठी फिरवत होते. ती भावाच्या कपाळावर लागली आणि मग त्याला भानच राहिलं नाही. त्याने म्हाताऱ्याला फरशीवर पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि काठीचा हात पिरगळला. काहीतरी कटकन मोडलं.

"नका हो मारू त्यांना!" काकू पिशवीने भावाच्या पाठीवर मारत होत्या. ताईंनी त्यांना कंबरेला धरून मागे ओढलं. मार खाऊन खाऊन बाई अशीच होते, त्यांना वाटलं. आयुष्यात त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता, पण ते मोडल्याचं ऐकून त्यांना बरं वाटलं.

"दार..." काकांच्या तोंडातून रक्ताचा फेस आला. "जाऊ द्या आम्हाला... तो..."

भावाने तोंडावर आणखी एक ठेवून दिली. "गप्प पड!"

दारावर टकटक झाली. बाहेर इस्त्रीचा शर्ट घातलेला, घामाघूम झालेला तरुण उभा होता. भावाने धापा टाकत दार उघडलं. तरुणाने काचा ओलांडल्या आणि ताईंपुढे हात जोडले.

"तुमचे उपकार कसे फेडू, ताई."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी काकूंना सोडलं. काकू धावल्या, फरशीवर पडलेल्या नवऱ्याच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "ह्यांना आता नको रे. घरी चल, तिथे मला मार."