पाचशे मीटरवर म्युझियम

“सकाळपासून हे तिसरं म्युझियम,” हेल्का आईच्या कानाशी कुरकुरली. “बाबाला खुर्च्यांचं एवढं कौतुक कधीपासून?”

“म्हातारपणी माणसाला छंद हवा,” किर्स्ती म्हणाली आणि वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची उगाच निरखून पाहू लागली.

आर्वो काहीच निरखत नव्हता. युव्हास्क्युला शहरातल्या एका नावाजलेल्या वास्तुकलेच्या म्युझियममध्ये तो कोपऱ्यातल्या बाकावर डोळे मिटून बसला होता. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस. उन्हाळ्याच्या सणाला मुलीला घरी न्यायला हेलसिंकीपर्यंत स्वतः आला होता. “मी चालवते ना,” असं हेल्का निघताना म्हणाली होती. “माझ्या गाडीत प्रवासी चालवत नाहीत,” एवढंच उत्तर मिळालं.

गाडीत किर्स्ती पुढे बसायची आणि अखंड बोलायची. हेही नवीनच. एरवी ती दिवसाला दहा वाक्यं बोलणारी.

“अरे वा, इथे ऐंशीची मर्यादा झाली.”

“समोरचा ट्रक किती निळा आहे. आणि किती जवळ.”

मागच्या सीटवरून हेल्काला आरशात बाबाचे बारीक केलेले डोळे दिसत होते. तिला कळत होतं. आईला तर कधीचं कळलं होतं. पण घर पडलं तळ्याकाठी. दुकान तीस किलोमीटरवर, डॉक्टर साठवर, बस केव्हाच बंद झालेली. गाडी चालवणं सुटलं की घर सुटणार. आणि ते आर्वोने स्वतःच्या हाताने बांधलेलं, आधी वाफाऱ्याची सॉना-खोली, मग सवडीने स्वयंपाकघर. म्हणून दोघी मायलेकी हवामानावर बोलत होत्या.

“टिक्काकोस्की. विमानांचं म्युझियम, पाचशे मीटर,” किर्स्तीने पाटी वाचली. लगेच इंडिकेटर टिकटिकला.

हेल्काला बरं वाटलं. लहानपणी इथून बाबाला ओढून बाहेर काढावं लागायचं. प्रत्येक विमानाची पाटी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, वर मोठ्याने.

आज तो पहिल्याच लढाऊ विमानापाशी बसला. डोळे पुन्हा मिटलेले. शेजारी किर्स्ती घड्याळाकडे बघत होती.

“अजून दहा मिनिटं,” ती त्याला हळूच म्हणाली. “घाई नाही.”

“कसली दहा मिनिटं?” हेल्का मागेच उभी होती.

किर्स्ती विमानाच्या पंखावरचे रिव्हेटचे खिळे मोजू लागली.

“आई, ही सगळी म्युझियमं तू शोधलीस?”

“मग काय करू? मधेमधे विसावा तर हवाच त्याला. कॉफीला थांबलं की हा गोड पाव खातो. डायबेटिस आहे त्याला. इथे निदान नुसतं बसतो तरी.”

आर्वोने डोळे उघडले. हसला. “अर्ध्या तासाने मला एका रस्त्याचे दोन दिसतात,” तो म्हणाला. “त्यातला खरा कुठला, ते तुझी आई सांगते.”

“सांगते ना मी. चुकले का कधी?” किर्स्ती घाईने म्हणाली. “चाललंय की आपलं.”

“नाही चुकलीस.” त्याने खिशातून किल्ली काढली आणि हेल्काच्या हातात दिली. मग बायकोकडे वळला. ती दुसरीकडेच बघत होती, म्हणून तिचा हात धरला.

“घर विकू या, किर्स्ती.”