जर्मन वाद्याला फ्रेंच माउथपीस

"पोरी, जर्मन बास क्लॅरिनेटला फ्रेंच माउथपीस लावू नकोस. जाड कॉर्क गुंडाळून बसवशील, पण खालचे सूर उतरतील," जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावचे गोटहार्ट आजोबा म्हणाले होते. चाळीस वर्षं माउथपीस, म्हणजे वाद्याचं तोंडात धरायचं टोक, घडवणारा माणूस. मी हसण्यावारी नेलं. बाळंतपणानंतर दम पुरत नव्हता आणि फ्रेंच माउथपीस फुंकायला हलका वाटायचा.

वाद्यवृंदात खालचे सूर सारखे बेसूर लागायला लागले, तेव्हा लेकीला बाबागाडीत घालून त्यांच्या कारखान्यात गेले.

"आलीस ना शेवटी नाक मुठीत धरून?" त्यांनी नवा जर्मन माउथपीस माझ्यापुढे ठेवला. "हं, वाजव."

मी वाजवलं. ते डोळे मिटून बसले होते. "आता कसं जमलं!"

वाद्य खाली ठेवताना लक्षात आलं, नवा माउथपीस टेबलावरच होता. थकलेल्या डोक्यानं मी जुन्या फ्रेंच माउथपीसवरच वाजवलं होतं. त्यांच्या पाठीमागे लेक किंचाळून रडत होती, तरी त्यांनी मान वळवली नाही.

ते एकटे राहतात. मला रोज जाणं जमत नाही. तुम्ही त्या बाजूला गेलात तर जरा डोकावून या. घंटा वाजवू नका, खिडकीसमोर उभं राहून हात हलवा.